कालव्याचा पूल, दहा चाळीस

ब्रेंडा ओल्डरॉइड पोलिसात भरती झाली तेव्हा सरकारने तिला एक शिट्टी, एक वही आणि एक पर्स दिली. पुरुषांना दंडुका मिळायचा, बायकांना पर्स. काळी, चामड्याची, खांद्याला अडकवायची. तिच्यात काय ठेवायचं ते मात्र कोणी सांगितलं नाही. साल एकोणीसशे एकोणसत्तर, गाव हॅलबेक, यॉर्कशायरच्या डोंगरांखालचं, कापडगिरण्यांचं. ब्रेंडा वीस वर्षांची, गिरणीतल्या विणकराची थोरली लेक. तिच्या आईने पर्स उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, "चोराला काय हिने झोडपणार आहेस?"

बायकांचा विभाग ठाण्याच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांचा. हरवलेली मुलं, पळून गेलेल्या मुली, दुकानातून मोजे उचलणाऱ्या म्हाताऱ्या, आणि कुणाच्या घरी मरण आलं की तिथल्या बाईजवळ बसणं, ही वरच्या मजल्याची कामं. चोर, दारुडे आणि मारामाऱ्या खालच्या मजल्याच्या. वरच्या प्रमुख मिस हेप्टन. त्यांनी ब्रेंडाच्या पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट गळी उतरवली, की वहीत डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं. खोडरबर नाही, पान फाडणं नाही, ओळ कोरी सोडणं नाही. चुकलं तर एक सरळ रेघ मारायची, बाजूला सही करायची आणि पुढे जायचं. "खालच्यांच्या वह्या वाचल्यास तर वाटेल हॅलबेकात सगळे साधुसंत राहतात," मिस हेप्टन म्हणायच्या. "आपण तसलं लिहीत नाही." ब्रेंडाने ते इतकं मनावर घेतलं की पुढच्या तेहतीस वर्षांत तिच्या वहीत खोटी ओळ पडली नाही. एक सोडून, आणि त्या एका ओळीपायीच ही कथा सांगायला बसलो आहे.

खालच्या मजल्याचा धर्म निराळा होता. गस्तीवरच्या शिपायाने बीट, म्हणजे नेमून दिलेला भाग, सोडून कुठे आत जाऊन बसणं हा गुन्हा, आणि आमच्याकडच्या हवेत आठ तास बाहेर उभं राहणं ही शिक्षा. म्हणून प्रत्येक बीटवर चहाची एक जागा असायची. कुठे बेकरीची मागची खोली, कुठे चर्चची पडवी. चार नंबरच्या बीटवर नगरपालिकेच्या तरणतलावाखालची बॉयलरची खोली. ती अर्नी नावाच्या म्हाताऱ्या कामगाराच्या ताब्यात. या जागा कागदावर कुठे नव्हत्या, पण मोठ्या साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होत्या. ठाऊक नव्हत्या फक्त वरच्या मजल्याला. ब्रेंडा तीन वर्षं थंडीत सार्वजनिक संडासाच्या आडोशाला उभी राहून सँडविच खात असे.

तिला आत नेलं विल्फ बॅरक्लफने. विल्फ चार नंबरचा शिपाई, बेचाळिशीचा, रुंद, सावकाश बोलणारा. एका फेब्रुवारीच्या सकाळी ब्रेंडा एका तरुण आईजवळ चार तास बसून बाहेर पडली होती. बाळ पाळण्यातच गेलं होतं, आणि आई ते खाली ठेवायला तयार नव्हती. ब्रेंडा बसथांब्यावर उभी राहून सिगारेट पेटवू पाहत होती आणि काडी काही लागत नव्हती. विल्फ समोरून आला. त्याने तिच्या हातातली काडेपेटी काढून घेतली.

"चल पोरी."

"कुठे?"

"विचारू नकोस. वहीत लिहू पण नकोस."

बॉयलरच्या खोलीत इतकं ऊबदार होतं की तिला रडूच आलं. अर्नीने तोंड फिरवलं आणि कोळसा ओढत बसला. विल्फने हिरव्या काठाचा, टवका उडालेला पत्र्याचा मग तिच्या हातात दिला. मगात चहा कमी आणि साखर जास्त. तिथे ट्रेव्हर नावाचा एक तरुण शिपाई बसला होता. तो म्हणाला, "आता बायकांनाही आणायला लागलात? उद्या पडदे शिवायला सांगेल." विल्फ म्हणाला, "तुझ्या तोंडाला एक शिवू दे आधी." ती हसली. त्यानंतर भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेल्या मगांमध्ये हिरव्या काठाचा मग तिचा ठरला. चार वर्षं, आठवड्यातून दोनदा. तिथे हेल्मेटं उतरवून ठेवलेली असत, केस चपटे झालेले, आणि कोणी कोणाला हुद्द्याने हाक मारत नसे. ब्रेंडाला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, की आयुष्यात सुखी होते ती तिथे. पण कोणी कधी विचारलं नाही.

मग कायदा बदलला. बायकांचा विभाग बंद झाला, मिस हेप्टन निवृत्त होऊन भावाकडे गेल्या, आणि शहात्तर सालच्या मार्चमध्ये ब्रेंडाच्या बाहीवर तीन पट्ट्या चढल्या. हॅलबेकात पुरुषांवर आलेली ती पहिली बाई सार्जंट. ठाण्यात तिला समोर "सार्जंट" आणि पाठीमागे "सार्जंटबाई" म्हणू लागले. नव्या सार्जंटला जुने सार्जंट दारूच्या गुत्त्यात नेऊन पाजायचे, आणि तिथे त्याला न लिहिलेले चार नियम सांगायचे, अशी रीत होती. ब्रेंडाला कोणी नेलं नाही. एका बाईला घेऊन गुत्त्यात गेलो तर घरी काय सांगायचं, एवढाच त्यांचा विचार होता. त्यात वाकडं काही नव्हतं, आणि त्यानेच तिचा घात झाला.

पहिल्याच मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, ती साडेदहाला बेकरीत गेली आणि सहा टार्ट बांधून घेतल्या. अर्नीला आवडायच्या त्या, पनीरच्या गोड सारणाच्या. नव्या पट्ट्यांची पार्टी द्यायची होती. खोका हातात घेऊन ती तरणतलावाच्या मागच्या पायऱ्या उतरली आणि नेहमीसारखं दार ढकललं.

आत विल्फ, ट्रेव्हर आणि अर्नी. तिघेही उठून उभे राहिले. ट्रेव्हरने मगातला चहा मोरीत ओतला, हेल्मेट डोक्यावर दाबलं आणि पलीकडच्या दाराने निघून गेला. तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अर्नी बॉयलरकडे वळला. ती हसतमुखाने खोका पुढे करायला गेली. विल्फने शांतपणे हेल्मेट घातलं, पट्टा हनुवटीखाली ओढला, खिशातली वही काढली, उघडली आणि तिच्यापुढे धरली.

"सार्जंट," तो म्हणाला. "सही करता?"

गस्तीवरचा शिपाई भेटला की सार्जंटने त्याच्या वहीत वेळ आणि जागा लिहून सही करायची, हा नियम. तो नियमच विल्फ तिच्यापुढे धरून उभा होता. चार वर्षं "पोरी" म्हणणारा माणूस आज अहोजाहो करत होता. तिला वाटलं, हा मला हिणवतो आहे. पट्ट्या मिळाल्या ना, घ्या, करा आता सार्जंटगिरी. तिचे कान तापले. टार्टचा खोका तिने बाकावर ठेवला, पेन काढलं आणि मिस हेप्टननी शिकवलं होतं तसं, पाहिलं तेच लिहिलं. दहा चाळीस. तरणतलाव, बॉयलरची खोली. बी. ओल्डरॉइड, सार्जंट.

विल्फने ओळ वाचली. वही मिटली. "बरं," म्हणाला, आणि पायऱ्या चढून गेला.

एवढ्यावरही निभावलं असतं. पण नेमक्या त्याच वेळी चार नंबरच्या बीटच्या वरच्या टोकाला कोणीतरी घड्याळांच्या दुकानाची काच फोडून दोन ट्रे पळवले. चौकशी लागली. बीटवरचा शिपाई कुठे होता? विल्फने वही पुढे ठेवली. "सार्जंटने लिहिलंय," म्हणाला. "बरोबर लिहिलंय." ट्रेव्हरचं नाव त्याने काढलं नाही. महिन्याभरात विल्फची बदली वर माळरानावर, स्कारटॉपच्या एकांड्या चौकीवर झाली. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती, ती त्याने मेंढ्या आणि धुकं राखत काढली. त्याची बायको एडना गावातल्या चर्चच्या गायनात पहिल्या रांगेत उभी राहायची. स्कारटॉपहून बस आठवड्यातून दोनदा, आणि गायनाच्या दिवशी नाही.

आणि ब्रेंडा? पोलीसप्रमुखांनी ती वही मागवून घेतली, ओळ वाचली, आणि भर बैठकीत म्हणाले, "या दलात पाहिलं ते लिहिणारं एक माणूस तरी आहे म्हणायचं." झालं. गाडी भरधाव सुटली. तीन वर्षांत ती इन्स्पेक्टर झाली, मग समुद्रकाठच्या गावी चीफ इन्स्पेक्टर, मग आणखी वर. बढती मिळाली की गाव बदलायचं, असा आमच्या दलाचा शिरस्ता. कालपर्यंतच्या दोस्तांवर हुकूम चालवायची पाळी येऊ नये म्हणून. ब्रेंडाला दोस्त उरलेच नव्हते, तरी तिला हलवत राहिले.

प्रत्येक नव्या ठाण्यात तिच्या आधी तिची ओळ पोचलेली असायची. ती कँटीनमध्ये शिरली की खुर्च्या सरकायच्या, हसणं थांबायचं, आणि कोणीतरी म्हणायचं, "मॅडम, काही हवं होतं?" हवं होतं ते तिला सांगता येत नसे. लग्न व्हायचं ठरलं होतं एकदा, भूगोल शिकवणाऱ्या एका भल्या मास्तराशी. तो बदल्यांना कंटाळला. तेही तिला समजलं. नाताळच्या दिवशी ती स्वतःहून कामावर यायची, म्हणजे पोराबाळांच्या माणसांना सुट्टी मिळावी, आणि टॉफीचा डबा घेऊन चौक्याचौक्यांवर फिरायची. सगळे उभे राहून एकेक टॉफी घ्यायचे. "थँक यू, मॅडम." तेवीस नाताळांत तिला एकानेही बसा म्हटलं नाही. बसायला सांगायचं धाडस कोण करणार? संध्याकाळी घरी येऊन ती उरलेला डबा कपाटात ठेवायची आणि दूरचित्रवाणीचा आवाज मोठा करायची.

न लिहिलेला नियम तिला कळला तो त्र्याऐंशी साली, एका जुन्या सार्जंटच्या निरोपसमारंभात. म्हातारा दोन ग्लास रिचवून नव्या पोरांना किस्से सांगत होता. "चहाच्या जागी सार्जंटने थेट शिरायचं नसतं रे. बाहेरच्या पाइपावर तीनदा ठोकायचं. टक, टक, टक. आतल्यांनी हेल्मेट घालायचं, तोंड पुसायचं. मग आपण जायचं. न ठोकता शिरला तो धरायला आला, असंच समजतात!" पोरं हसली. ब्रेंडा कोपऱ्यात हातातला ग्लास धरून बसून राहिली. जे दार ढकलून ती चार वर्षं आत जात होती, त्या दाराशी पट्ट्या लागल्यावर थांबायचं असतं, हे तिला एकानेही सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून तिला एकच गोष्ट हवी होती. विल्फ बॅरक्लफला कळायला हवं होतं, की मी त्या दिवशी तुम्हाला धरायला आले नव्हते, चहाला आले होते. पत्र लिहायला बसली. चार ओळी लिहिल्या आणि कागद फाडला, जन्मात पान न फाडलेली बाई. मग निवृत्त होऊन हॅलबेकात परतलेल्या विल्फला दरवर्षी नाताळचं कार्ड पाठवू लागली, नुसती सही करून. उत्तर एकदाच आलं. "विल्फ बरा आहे. एडना." हॅलबेकच्या ठाण्याला ती वर्षातून एकदा तपासणीला जायची, गाडीतून उतरायची, गाडीत बसायची, आणि कालव्याच्या बाजूला कधी वळायची नाही. साधी हिंमत होत नव्हती. दंगलीपुढे ढाल घेऊन उभी राहिलेली बाई, पण एका म्हाताऱ्याच्या दाराशी जायला तिची छाती होईना.

दोन हजार दोन सालच्या ऑक्टोबरात तिची नोकरी संपत आली. तेव्हा ती दलाची उपप्रमुख होती. शुक्रवारी निरोपाचं जेवण होतं, चांदीचं ताट मिळणार होतं, भाषणं लिहून तयार होती. त्या हुद्द्यावर कोणी खिशात वही बाळगत नाही, ब्रेंडा अजूनही बाळगायची. बुधवारी सकाळी तिने ड्रायव्हरला सांगितलं, "हॅलबेक. ठाण्यावर नको. नवीन बंगल्यांच्या गल्लीत, सात नंबर." वाटेत बेकरीशी थांबून तिने टार्ट घेतल्या. दोनच.

सात नंबरच्या दाराला घंटा होती. तिने बोट उचललं आणि खाली घेतलं. दाराशेजारून पावसाच्या पाण्याचा पाइप उतरला होता. तिने छत्रीच्या मुठीने त्यावर तीनदा ठोकलं.

आतला रेडिओ बंद झाला. मग खुर्ची करकरली, आणि आतून आवाज आला.

"थांबा हो. टोपी घालतोय."

दार उघडलं तेव्हा विल्फच्या डोक्यावर खरोखरच चपटी टोपी होती. बहात्तरीचा, पाठ वाकलेली, रुंदी तेवढीच. त्याने तिच्या खांद्यावरच्या चांदीच्या चिन्हाकडे पाहिलं.

"सव्वीस वर्षं लागली तुला पाइप सापडायला."

"मला कोणी सांगितलं नव्हतं, विल्फ."

"ये आत. पाय पूस."

स्वयंपाकघरातलं टेबल, मेणकापड, एक ताट, एक कप. त्याने दुसरा कप शोधायला तीन कपाटं उघडली. एडना चार वर्षांपूर्वी गेली होती. "तुझी कार्डं मी केरात टाकायचो," किटली ठेवत तो म्हणाला. "ती काढून पुसून ठेवायची. ती गेल्यावरची मीच ठेवली. सगळी आहेत वर डब्यात."

"माझा मग होता ना, हिरव्या काठाचा…"

"ट्रेव्हरने कालव्यात फेकला. त्याच दिवशी."

मग इतकी वर्षं मनात घोकलेलं वाक्य तिने एका दमात म्हटलं. "मी त्या दिवशी चहाला आले होते. तुम्हाला धरायला नाही."

विल्फ वळला. "ते काय मला ठाऊक नाही? हातात टार्टचा खोका घेऊन कोणी धाड घालतं का, वेडे?"

ब्रेंडाला ते समजायला एक क्षण लागला. "ठाऊक होतं? मग… मग वही का पुढे केलीत? तोंडावर मारल्यासारखी?"

"तोंडावर?" विल्फ खुर्चीत बसला. "अगं पोरी, सार्जंटला आत घ्यायचं तर आमच्याकडे दुसरं दार होतं कुठे? शिपायाने वही धरायची. सार्जंटने एखादी बरी जागा लिहायची. कालव्याचा पूल. चर्चचा कोपरा. मग शिपायाने म्हणायचं, सार्जंट, नाक निळं पडलंय, बसा, चहा उकळलाय. ट्रेव्हर आधीपासून म्हणत होता, पट्ट्या लागल्या की ही आपली राहणार नाही. मी म्हटलं, राहील, मी तिला वही देतो, बघच तू." तो थांबला. "तू कालव्याचा पूल लिहिला असतास तर मी तुला बस म्हणणार होतो."

किटली शिट्टी वाजवू लागली. कोणी उठलं नाही. शेवटी विल्फनेच हात लांबवून गॅस बंद केला.

सव्वीस वर्षं ज्याला ती बंद दार समजत होती ते त्याने उघडून धरलेलं होतं, आणि तिने स्वतःच्या हाताने, वेळ घालून, सही करून ते लावून घेतलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही.

"सांगितलं का नाहीत मला?"

"विचारलंस कुठे? आणि तू चढत गेलीस भराभर. स्कारटॉपवरून हाक मारली असती तर ऐकू गेली असती?" त्याने कपात चहा ओतला, साखर घातली, चार चमचे, न विचारता. "आणि राग होता. खोटं कशाला बोलू? पहिली दहा वर्षं राग होता. एडनाचं गाणं सुटलं त्याचा जास्त. मग राग गेला, सवय राहिली."

"मला माफ करा, विल्फ."

"हं," विल्फ म्हणाला. नंतर खिडकीबाहेर पाहत, "ड्रायव्हर बाहेर बसलाय. मोठी बाई तू. कुठे होतीस म्हणून सांगशील?"

भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकराला पाच कमी होते. ब्रेंडाने खिशातली वही काढली, तिच्या नोकरीतली शेवटची. शुक्रवारी ती जमा व्हायची होती. पेनचं टोपण काढलं, आणि सावकाश, सुवाच्य अक्षरात एक ओळ लिहिली. सही केली. वही फिरवून, उघडी, विल्फपुढे धरली.

विल्फने चष्मा शोधला. ओळीवर बोट ठेवून वाचलं. दहा चाळीस. हॅलबेक, कालव्याचा पूल. सर्व ठीक. त्याने पुन्हा एकदा वाचलं.

"पोरी," तो म्हणाला, "पूल पाडला की गं. एक्याण्णव साली."

ती ओळीकडे बघत राहिली. एक रेघ मारून बाजूला सही केली असती तर नियमात बसलं असतं. तिने पेनला टोपण लावलं.

"राहू दे," विल्फ म्हणाला आणि कप तिच्याकडे सरकवला. "बस. चहा गार होतोय."

ब्रेंडाने डोक्यावरची टोपी काढली आणि टेबलावर, टार्टच्या खोक्याशेजारी ठेवली. केस चपटे झाले होते. विल्फनेही आपली टोपी काढली.